रजिस्टरातला शेरा

इतक्या वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. तरी कोणी आठवण सांगा म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे आधी जोगेश्वरीतली एक मराठी शाळा येते आणि तिथून नाहीसं झालेलं एक रजिस्टर.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. मी त्या भागातल्या ठाण्यात उपनिरीक्षक होतो. एका सोमवारी सकाळची हजेरी आटोपत असताना शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या. कार्यालयातल्या कपाटातून जनरल रजिस्टर क्रमांक एक गेलं होतं. शनिवारी शाळेचं स्नेहसंमेलन होतं, दिवसभर पालकांची ये-जा होती. टाइपरायटर जागेवर, भिंतीवरचं घड्याळ जागेवर, गेलं ते फक्त रजिस्टर.

आमच्या हवालदाराला जुन्या वहीसाठी एवढी धावपळ का, ते कळेना. बाईंनी शांतपणे समजावलं. शाळा निघाल्यापासून पुढची कितीतरी वर्षं दाखल झालेल्या प्रत्येक मुलाचं नाव आणि जन्मतारीख त्यात होती. ही मुलं मोठी होऊन नोकरीला लागली होती. उद्या पेन्शनला, पासपोर्टला, कोर्टात, कुठेही वय सिद्ध करायचं म्हटलं की शाळेचा दाखला लागणार, आणि दाखला त्या रजिस्टरावरूनच निघणार. शेकडो माणसांचा जन्म त्या वहीत होता म्हणा ना.

वरिष्ठांनी ठरवलं, आधी गहाळ म्हणून स्टेशन डायरीत नोंद घ्यायची, चौकशी करायची आणि चोरी दिसली तर गुन्हा दाखल करायचा. चौकशी माझ्याकडे आली.

बुधवारी ठाण्यात एक निनावी पत्र आलं. शाळेच्या शिपायानेच रजिस्टर रद्दीत घातलं, त्याला विचारा, एवढाच मजकूर. शिपाई मालवणकडचा, साठीला टेकलेला. मुलं त्याला मामा म्हणत. कपाटाची किल्ली त्याच्याच कमरेला असायची. मी तरुण होतो, किल्ली आणि पत्र एवढ्यावर माझी खात्री पटली. संस्थेने लगेच त्याला कामावरून थांबवलं आणि मी त्याला ठाण्यात बोलावून बाकावर बसवलं.

मी मामाला किल्लीबद्दल विचारायचो आणि तो शाळेची गोष्ट सुरू करायचा. सुरुवातीला नुसती पत्र्याची शेड होती. फळा म्हणजे भिंतीला फासलेला काळा रंग. चाळीतले गिरणी कामगार सुट्टीच्या दिवशी येऊन बाकं ठोकायचे. उन्हाळ्यात पत्रे तापले की सातवीचा वर्ग झाडाखाली भरायचा. मढहून होडीने येणारी कोळ्यांची मुलं उशिरा पोचायची, म्हणून पहिल्या तासाची हजेरी दुसऱ्या तासाला घ्यायची पद्धत पडली होती. पहिली मुलगी मॅट्रिक झाली तेव्हा गुरुजींनी सगळ्या शाळेला पेढा वाटला, मामाला दोन.

मी टेबलावर हात आपटला आणि 'विचारलं त्याचं उत्तर दे' असं दरडावलं. तेव्हा तो पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघून बोलला.

"साहेब, ह्या शाळेचो पयलो पत्रो मी चढवलंय. तिचा रजिस्टर मी इकतलंय काय?"

दुसऱ्या दिवशी मी जरा नमतं घेतलं. चहा मागवला आणि अलीकडे कार्यालयात कोण कोण येऊन गेलं, ते सावकाश सांगायला लावलं. मामाने सांगितलं की आठवीतून शाळा सोडलेली एक मुलगी, आता बाई झालेली, दाखल्याची दुसरी प्रत मागायला आली होती. क्लार्कने रजिस्टर उघडून तिच्यासमोर शेरा वाचला, तशी ती अर्ज तिथेच टाकून निघून गेली. ही हकिगत त्याने आदल्या दिवशीही सांगितली होती. शेड आणि पेढ्यांच्या गोष्टींत मीच ती सोडून दिली होती.

अर्ज क्लार्कच्या फाइलमध्ये मिळाला. पत्ता पूर्वेला टेकडीच्या उतारावरचा. मी महिला शिपाई घेऊन दुपारी तिथे गेलो.

दार उघडलं त्या बाईचं वय तिशीच्या आसपास. गणवेश पाहताच तिला सगळं कळलं. तिने पत्र्याच्या ट्रंकेतून साडीत गुंडाळलेलं रजिस्टर काढून माझ्यापुढे ठेवलं. मग खाली बसून सांगू लागली. नवऱ्याची गिरणी बंद पडली होती. तिला एका इस्पितळात आयाची जागा मिळत होती, पण शाळेचा दाखला हवा होता, तोही पुढच्या आठवड्यात. दाखल्यावर वर्तणूक लिहितात.

मी ते पान उघडलं. तिच्या नावापुढे शाळा सोडण्याच्या कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'शिवणवर्गातील कात्री चोरल्यामुळे काढून टाकले.' वर्तणूक, 'वाईट'.

"मी कात्री घेतली नव्हती," ती म्हणाली. "तेव्हाही सांगितलं होतं. आई शाळेसमोर भाजी विकायची, तिने दुसऱ्या दिवसापासून जागा बदलली."

स्नेहसंमेलनाच्या गर्दीत कपाट उघडं दिसलं आणि तिने रजिस्टर पिशवीत घातलं. घरी आणून ते एक पान फाडायचं, नंतर रजिस्टर शाळेत ठेवून यायचं, असं तिच्या डोक्यात होतं. पान मात्र शाबूत होतं. फाडलं का नाही, मी विचारलं.

"त्या पानावर आणखी अठरा जण आहेत, साहेब. माझ्याखाली माझ्याच बाकावरची मैत्रीण आहे. तिने जन्मतारीख कुठून आणायची?"

फाडता आलं नाही, आणि पोलीस शाळेत येऊन गेल्याचं ऐकल्यावर परत ठेवायची हिंमत झाली नाही. मामाला थांबवलंय हे तिला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं तेव्हा ती रडली.

रजिस्टर घेऊन मी मुख्याध्यापिकांकडे गेलो. त्यांनी पान वाचलं, चष्मा काढला आणि तेव्हा शिवण कोण शिकवायचं ते आठवून सांगितलं. शिवण शिकवणाऱ्या बाई निवृत्त होऊन मुलुंडला राहत होत्या. आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो. मी कात्रीचं नाव काढताच त्यांचा चेहरा उतरला. मुलीला काढल्यानंतरच्या सुट्टीत शिवणाचं मशीन साफ करताना कात्री खालच्या खणात सापडली होती. त्यांनी तेव्हाच्या हेडमास्तरांना सांगितलं. मुलगी गेलीच आहे, आता रजिस्टरात खाडाखोड कशाला, असं उत्तर मिळालं आणि बाई गप्प बसल्या. "रोज ती भाजीवालीची जागा रिकामी दिसायची हो," एवढंच त्या म्हणाल्या आणि तसा जबाब लिहून दिला.

त्या जबाबाच्या आधारे मुख्याध्यापिकांनी शिक्षण खात्याकडून दुरुस्तीची परवानगी आणली, स्वतः खेटे घालून, चार दिवसांत. रजिस्टर मिळाल्याचं त्यांनी लेखी कळवलं, त्यांची तक्रार नव्हती, आणि मी गहाळ प्रकरण बंद केलं. नियमावर काटेकोर बोट ठेवलं तर गुन्हा दाखल व्हायला हवा होता. मी केला नाही आणि त्याचा पश्चात्ताप मला कधी झाला नाही.

लाल शाईने जुना शेरा छेदला गेला तेव्हा ती बाई समोर उभी होती. दाखल्यावर 'वर्तणूक चांगली' असं लिहिलेलं तिने दोनदा वाचलं. नोकरी मिळाली. पुढे तिची मुलगी त्याच शाळेत पाचवीत गेली.

मामाला संस्थेने परत घेतलं. निनावी पत्र त्याच्या जागेवर डोळा असलेल्या कोणाचं तरी असावं, पण नक्की कोणाचं ते शेवटपर्यंत कळलं नाही. एका दुपारी मी साध्या कपड्यांत त्याला भेटायला गेलो आणि माफी मागितली. त्याने मला सगळ्या वर्गांतून फिरवलं, कुठली भिंत कोणत्या साली उभी राहिली ते सांगत. या वेळी मी मध्ये बोललो नाही.

आज त्या शाळेत मुलं थोडी उरली आहेत, असं ऐकतो. तो तपास मला एक गोष्ट शिकवून गेला. ठाण्यातही आम्ही रोज माणसांबद्दल लिहीत असतो. चौकशीच्या पहिल्या दिवशी मी डायरीत मामाबद्दल लिहिलं होतं, 'संशयित, उत्तरे टाळतो.' तो टाळत नव्हता, मी ऐकत नव्हतो. प्रकरण बंद करताना मी तसं खाली लिहून सही केली. वरिष्ठांनी ते वाचलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि शेजारी आपली सही केली.