पालथ्या हातांचा आशीर्वाद

डोंगरातल्या कोच्कोर गावात टोक्तोरबाय अतांच्या आशीर्वादावाचून शिंगरू विकलं जात नसे, नवा ट्रक घाट चढत नसे, तान्हं मूल पाळण्यात निजत नसे. तसे ते कुणी मोठे नव्हते; वयामुळे सारे त्यांना अता, म्हणजे आजोबा, म्हणत. चाळीस वर्षं डोंगरावर घोडे राखले आणि गुडघे बोलू लागले तेव्हा खाली उतरले. पण दोन्ही तळहात आभाळाकडे उघडून ते बोलू लागले, की भांडखोर भाऊ गप्प होत आणि रडकी पोरं ऐकत राहत. देवाने त्यांना धन दिलं नाही, वाणी दिली. ती वाणी त्यांनी दुधाच्या भांड्यासारखी जपली होती.

एकदाच ते भांडं हिंदकळलं होतं. सहा वर्षं झाली. ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नव्हती.

राजधानी बिश्केकहून चार तरुण मुलं आली होती. आपल्या डोंगरांतले वीर, दानव, पंखांचे घोडे असा व्हिडिओ गेम ती बनवत होती. वीर मोहिमेवर निघताना एक वृद्ध त्याला आशीर्वाद देतो. तो आवाज त्यांना टोक्तोरबाय अतांचा हवा होता. हातांची हालचाल टिपायला समोर कॅमेराही लावला होता. ध्वनी सांभाळणारी मेरिम नावाची मुलगी कानांवरची यंत्रं काढत म्हणाली, "अता, आवाज तळव्यांवर आपटून परत येतोय. जरा हात पालथे धराल का?"

मुलगी शहरात वाढलेली; तिला ठाऊक नव्हतं. अतांना ठाऊक होतं. उघड्या हातांनी दिलेला शब्द आशीर्वाद होतो, पालथ्या हातांनी दिलेला तोच शब्द शाप होतो. त्यांच्या आजोबांच्या काळी गावाने एका माणसावर असे हात धरले होते, आणि पुढे त्याचं नावसुद्धा कुणी उच्चारलं नाही. पण अतांना वाटलं, समोर तर नुसतं यंत्र आहे. पोरांचा खोळंबा कशाला? त्यांनी हात पालथे केले. कॅमेऱ्यामागे चार जिवंत मुलं बसली आहेत, हे त्यांच्या ध्यानात आलं ते गाडी निघून गेल्यावर.

मग बातम्या येऊ लागल्या. गेम पुढच्या वसंतात येणार. नाही, लांबला. चौघांतला एक आजारी पडला, दुसरा सोडून गेला, भांडवल देणाऱ्याने हात आखडला. रस्त्यात पोरं विचारीत, "अता, तुमचा गेम कधी येतोय?" सारं गाव कौतुकाने वाट पाहत होतं. अताही पाहत होते, पण त्यांच्या काळजात सुरी फिरत होती. एकच आशा होती : पडद्यावरचा वीर आपला आशीर्वाद घेऊन निघेल, जिंकून येईल, आणि आपला शब्द नासला नाही हे आपल्याला कळेल.

अखेर गेम येण्याचा दिवस उजाडला. त्याच दिवशी दुपारी चार वाजता त्यांची नात आयझिरेक इस्तंबूलच्या इस्पितळात परिचारिका म्हणून निघणार होती. सकाळी तीच आजोबांचा हात धरून त्यांना उलुकमानच्या कॉम्प्युटर क्लबात घेऊन गेली. तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. अतांसाठी उलुकमानने स्वतःची खुर्ची दिली.

गेम सुरू झाला आणि थोड्याच वेळात सगळ्यांची तोंडं उतरली. डोंगर भिजलेल्या पुठ्ठ्यासारखे. घोडा धावतोय, पण त्याचे पाय जमिनीला लागत नाहीत. वीर तंबूच्या दारात अडकला तो निघेचना.

"अरे, ढकला त्याला कुणीतरी!"

"सहा वर्षं हेच शिजवत होते? एवढ्यात माझं खेचर व्यायलं असतं!"

"गप रे, खेचर कधी व्यायलंय?"

"तेच म्हणतोय ना!"

हशा पिकला. एवढ्यात पडद्यावर एक वृद्ध आला. पांढरी टोपी, पांढरी दाढी, आणि अतांचा आवाज : "वाट मोकळी होवो, शत्रू मऊ होवो, सुखरूप परत ये." आणि त्या वृद्धाने हात पुढे केले. दोन्ही पालथे.

वीराने मान झुकवली, आणि पायांखालची जमीन असून नसल्यासारखी होऊन तो सरळ खाली गेला. नाहीसा झाला.

"बिघाड आहे," म्हणत उलुकमानने पुन्हा सुरू केलं. पुन्हा तोच आवाज, तेच हात, आणि वीर खाली. तिसऱ्या वेळी कुणी हसलं नाही. मागून एक म्हातारा हळूच म्हणाला, "टोक्तोरबाय, हात बघ तुझे."

अता उठले, कुणाकडे न बघता घरी आले.

तीन वाजले. भाकऱ्या बांधल्या गेल्या, पेटी दाराशी आली. त्यांची बायको काल्बूबू म्हणाली, "चला, पोरीला आशीर्वाद द्या. गाडी येईल."

"शेजारच्याला बोलाव. मी नाही देणार."

"डोकं ठिकाणावर आहे का? सगळ्या गावाला देता, आणि स्वतःच्या नातीला शेजारचा?"

तेव्हा सहा वर्षांचं ओझं अतांनी तिथेच, उंबऱ्यावर उतरवलं. "माझ्या तोंडून निघतंय ते काय आहे, मलाच कळत नाही, म्हातारे. हिच्या पायांखालची जमीन गेली तर?"

काल्बूबू उंबऱ्यावर त्यांच्याशेजारी बसली. मग आयझिरेक म्हणाली, "अता, ज्यांच्यावर हात धरले त्यांना विचारलंत कधी?"

तिने उलुकमानकडून गेम बनवणाऱ्यांचा नंबर मिळवला. पलीकडून थकलेला आवाज आला. मेरिमच होती. अतांनी सगळं कबूल केलं. "लेकी, मला ठाऊक होतं. ठाऊक असून केलं. तुमच्यावर आलं ते माझ्यामुळे."

ती म्हणाली, "अता, हात पालथे करा असं मीच म्हणाले होते. आणि वीराच्या पायांखालची ती जमीनही मीच जोडलीय, घाईघाईत. सगळे सोडून गेले, मी एकटीच उरले होते. सकाळपासून लोक शिव्या देतायत." तिला हुंदका आला. "मला भीती वाटतेय, अता."

"मलाही," अता म्हणाले.

बाहेर गाडीचा भोंगा वाजला. अतांनी फोन चालूच पेटीवर ठेवला, आयझिरेकला समोर बसवलं आणि हात उघडले. तळवे आभाळाकडेच आहेत ना, हे त्यांनी एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं. "देवा," ते बोलू लागले, "एक लेक दूर निघाली आहे, एक लेक दूर एकटी बसली आहे. दोघींच्या पायांखाली जमीन दे. माझा शब्द चुकला, तर तो माझ्याकडे परत येऊ दे, यांच्याकडे नको." वर्षानुवर्षं पाठ असलेलं वाक्य त्यांना आठवेचना. मग आठवेल तसं, तोडकंमोडकं, ते मागत राहिले.

"ओमीन, तसंच होवो," पेटीवरच्या फोनातून आधी आलं. मग आयझिरेकने म्हटलं, मग काल्बूबूने.

भोंगा पुन्हा वाजला. नात उठली, आजोबांच्या कपाळाला कपाळ लावून निघाली. अतांची भीती गेली नव्हती. फोन कानाशी धरून ते उंबऱ्यातच उभे राहिले. "लेकी, ठेवू नकोस अजून," ते म्हणाले, "गाडी घाटाला लागेपर्यंत बोलत राहा."