खंडेनवमीचा फोटो आणि आष्ट्याची लाइन

त्या तपासाची आठवण निघाली की आजही माझ्या अंगात तरतरी येते.

तेव्हा मी कराडला पोलीस ठाण्यात होतो. शेती अवजारांच्या एका पेढीच्या नंबरावरून ग्राहकांना फोन जात आणि ओटीपी मागितला जाई. पहिली खबर दिली पाटणच्या एका बाईंनी. “आवं सायेब, नंबर दुकानाचाच हाय, पण माणूस आपल्याकडचा न्हाई. रामराम म्हणलं तर गपच बसला!”

पेढीच्या कराड आणि आष्टा इथल्या फोन यंत्रणा इंटरनेटवरून जोडलेल्या होत्या. आष्ट्याचे कॉल कराडच्या नंबरावरून बाहेर पडत. त्याआधी कराडचे यंत्र आष्ट्याच्या यंत्राला नाव आणि पासवर्ड विचारी. सायबर शाखेने नोंदी काढल्या आणि आम्ही चाटच पडलो. एकाच वेळी दोन ‘आष्टा’ जोडलेले होते, एक खरे आणि एक परदेशातले!

पासवर्ड फुटला होता. पेढीच्या मालकांनी थेट कराडची फोन यंत्रणा सांभाळणाऱ्या ऑपरेटरकडे बोट दाखवले. हा गडी सैन्यातून निवृत्त झालेला. आम्ही त्याला घरून उचलून आणले. चार तास तो एकच सांगत होता, “न्हाई सायेब, म्या कुणाला दिला न्हाई.” मी चिडलो होतो. अटकेची तयारीही झाली होती.

“पासवर्ड लिहून कुठे ठेवता?”

“यंत्रावरच पट्टी हाय. मालकांनीच चिकटवाय लावली.”

“त्या खोलीत कोण येतं?”

“मी आन् मालक. खंडेनवमीला तेवडी सगळी आल्ती, यंत्राच्या पूजेला.”

“फोटो काढले?”

“काडलं की! मालकांनी दुकानाच्या फेसबुकवर लावलं.”

मी खुर्चीतून उडालोच. मोबाइलवर फोटो मोठा करून पाहिला. झेंडूचा हार, हळदकुंकू आणि खाली पांढऱ्या पट्टीवर नाव-पासवर्ड, अक्षर न् अक्षर स्पष्ट! पहिला खोटा फोन त्यानंतर तिसऱ्या दिवशी गेला होता. मालकांना फोटो दाखवला, तर त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

पासवर्ड बदलला. खऱ्या आष्ट्याच्या इंटरनेट पत्त्यावरून आल्याशिवाय कोणाला जोडून घ्यायचे नाही, अशी व्यवस्था केली आणि फोन थांबले. परदेशातले भामटे मात्र सापडले नाहीत, याची खंत आहे.

ऑपरेटरला म्हणालो, “तुमच्यावर काही नाही. जा घरी.”

तो जागचा हलला नाही. “सायेब, जीप दारात आली तवा सारी गल्ली बघत हुती. आता परत जीप घिऊन या आन् दारात बसून चा प्या.”

मला मनापासून लाज वाटली. निर्दोष माणसाला नुसते सोडून भागत नाही, हे त्याने मला शिकवले. दुसऱ्या दिवशी गणवेश चढवून जीपने त्याच्या दारात गेलो आणि गल्लीदेखत दोन कप चहा प्यायलो.