सात गडी मेले

घराला चुना लावणं चाललंय. त्या ओल्या वासाने मला थेट घाटकोपरच्या हुतूतूच्या मैदानावर नेलं, तिथल्या रेषाही चुन्यानेच आखत.

तेव्हा मी तेरा वर्षांची, इंग्रजी शाळेतली, अबोल. मोठ्या स्पर्धेत प्रवेश हवा तर तिथल्या हुतूतू क्लबचा आजवरचा इतिहास इंग्रजीत लिहून पाठवायचा होता. आमचे शेजारी भाऊकाका क्लबचे कप्तान. ते म्हणाले, "बाय, तूच लिही गो."

ते सांगत गेले, मी लिहीत गेले. संध्याकाळी मैदानात सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. मी एका जुन्या अंतिम सामन्यापाशी येताच इंग्रजी जाणणारा एक गडी हसत सुटला. "अरे, हिने आपले सात जण खरंच मारले! हा अर्ज आहे की मयताचा दाखला?"

बाद झालेल्या गड्याला 'मेला' म्हणतात. मी त्याचं शब्दशः इंग्रजी केलं होतं.

"गप रे! मेलो मेलो आपणच ओरडतो ना?" भाऊकाका म्हणाले. "बाय, तेवढं 'बाद' कर. बाकी राहू दे." आणि त्यांनी खाली सही केली.

प्रवेश मिळाला. मला मात्र कित्येक दिवस ते हसणंच ऐकू येत होतं. भाऊकाकांना इंग्रजीचं अक्षरही येत नव्हतं, तरी त्यांनी आपला सगळा खेळ माझ्या हाती दिला होता, हे आज कळतंय.