झडपेचा आवाज थांबला तेव्हा

जळगावच्या डॉक्टरांनी स्टेथॉस्कोप कानातून काढला आणि मला विचारलं, "लहानपणी हिचे सांधे सुजायचे का?"

सुजायचे, सोबत तापही यायचा. त्या तापानं हृदयाला इजा केली होती. निदान होतं मायट्रल स्टेनोसिस, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप जाड होऊन आकसणं. वत्सला माझी धाकटी बहीण, भडगावला दिलेली. तिला धाप लागते ती दिवस गेल्यामुळे, असं सासरी सगळे धरून चालले होते. दिवस गेलेले नव्हते.

नव्वदच्या आसपासची ही गोष्ट. मी तेव्हा जळगावच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. झडप बदलण्याची शस्त्रक्रिया मुंबईला झाली. तीत हृदय थांबवतात. तेवढा वेळ हार्ट-लंग मशीन रक्त फिरवतं आणि त्यात प्राणवायू मिसळतं. कसोटी असते ती मशीन बंद करताना. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, "झडप बसली. पण मशीन थांबवलं की रक्तदाब पडतोय. पुन्हा सुरू केलंय. हृदयाला थोडी विश्रांती देऊन परत बघू."

तिचे यजमान भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. दुसऱ्या प्रयत्नात हृदयानं काम उचललं. आम्हाला वाटलं, संपलं.

नवी झडप धातूची होती. उघडझाप होताना घड्याळासारखी टिकटिक करी. शेजारी बसलेल्याला ऐकू येई. तिच्यावर गुठळी धरू नये म्हणून अँटिकोअ‍ॅग्युलंट, म्हणजे रक्त सहज गोठू न देणारी गोळी, जन्मभर घ्यायची होती. "जेवणात एकदम मोठा बदल करू नका," असंही सांगितलं होतं. म्हणजे काय, हे आमच्यापैकी कुणी विचारलं नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, वत्सला माहेरी असोद्याला आली. गोळीमुळे तिच्या दंडांवर काळेनिळे डाग उठत. चेहरा पांढुरका होता. माय म्हणाली, "पोरीच्या आंगात रगतच नाही. सासरी काय खाऊ घालता व्हतीन?" आमच्याकडे अशा लेकीला हिरवं खाऊ घालतात. माय रोज दोन्ही वेळा शेवग्याचा पाला नाहीतर पोकळ्याची पालेभाजी करू लागली. शेजारणी आपापल्या मळ्यातून जुड्या आणून देत. सण झाला, तरी मायनं तिला ठेवून घेतलं. डाग गेले. सगळ्यांना बरं वाटलं.

मग एका दुपारी चुलतवहिनीनं तिच्या छातीला कान लावला. "वत्सला, तुह्यं घड्याय बंद पडलं का वं? चावी देऊ का?"

बाया हसल्या. वत्सलाही हसली. माय म्हणाली, "बरं झालं. आता बसलं जागेवर."

आवाज थांबला म्हणजे जखम भरली, असं घरानं मानलं. त्याच आठवड्यात तिला आडवं झालं की गुदमरायला लागलं. जळगावच्या डॉक्टरांनी स्टेथॉस्कोप बराच वेळ छातीवर ठेवला. "आवाज कधीपासून येत नाही?"

मायनं जरा अभिमानानंच सांगितलं.

झडपेवर गुठळी धरली होती. पालेभाज्यांतलं के जीवनसत्त्व या गोळीचा परिणाम कमी करतं, हे डॉक्टरांनी तेव्हा समजावलं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं. झडप मोकळी झाली. मात्र एक तुकडा सुटून मेंदूत गेला. वत्सलाची उजवी बाजू लुळी पडली. वाचाही गेली.

माय डॉक्टरांना म्हणाली, "म्हणजे मीच."

डॉक्टर म्हणाले, "गोळी लिहून देतानाच आम्ही नीट सांगायला हवं होतं."

ज्यांच्या घरात असा रुग्ण असेल त्यांनी पालेभाजी किती, केव्हा, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावं. बंदी नसते, रोज साधारण सारखी असावी लागते. झडपेचा आवाज दबला तर तासभरही थांबू नये.

वत्सला काठी घेऊन चालते. एकेक शब्द शोधून बोलते. पुढच्या आखाजीला ती पुन्हा असोद्याला आली. तिच्या सासूबाई सोबत होत्या. विहिणीला धीर द्यावा म्हणून आल्या आल्या मायला अहिराणीत म्हणाल्या, "येनबाई, आते बठ्ठं बरं शे." आता सगळं बरं आहे. मायनं ताट वाढलं, ते वरणभाताचं. पालेभाजीची वाटी तिनं हातातच धरून ठेवली होती.

वत्सलानं डावा हात पुढे केला. बराच वेळ तोंड हललं, मग शब्द आला.

"वाढ."

मायनं चमच्याच्या टोकाएवढी भाजी वाढली आणि ती खाऊन होईपर्यंत समोरून उठली नाही.