मानीबाईचं खरं उत्तर

पांढरकवडा सोडून हैदराबादच्या रस्त्याला लागलं, की वस्ती संपता संपता मानीबाई आडेचं हॉटेल दिसतं. हॉटेल म्हणायचं आपलं. पत्र्याचं छप्पर, बाकडी आणि गॅसची शेगडी. चहा मानीबाई करते. भजी, आलूबोंडे तळायचं काम तिच्या नवऱ्याचं, किसनसिंगचं. दोघंही जवळच्याच तांड्यातले. तांड्यातली पोरं तिला याडी म्हणतात, म्हणजे आई, आणि त्यांचं ऐकून रोजचे ट्रकवालेही याडीच म्हणतात.

तिचा एकुलता एक मुलगा राजदीप टाइल्स बसवायच्या कामाला हैदराबादला होता. सणावाराला यायचा आणि परत जाताना हॉटेलसमोरच हात करून बस थांबवायचा. असाच एकदा तो मधेच, कुठलाही सण नसताना आला. बसमधून उतरला तेव्हा त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. काविळीनं यकृत पार निकामी केलं होतं. यवतमाळला नेलं, डॉक्टरांनी हातचं काही राखलं नाही, पण उशीर झाला होता. चोविशीतला पोरगा आठवडाभरात गेला.

दिवसकार्य झालं आणि नवराबायकोनं हॉटेल उघडलं. त्या दिवसापासून दोघांच्या तोंडून राजदीपचं नाव निघालं नाही. तसं काही ठरलं नव्हतं. त्यानं घेतलं नाही म्हणून तिनं घेतलं नाही, तिनं घेतलं नाही म्हणून त्यानं. पोराचा एखादा जुना सोबती चहाला थांबला आणि त्याची आठवण काढायला लागला, की किसनसिंग कढईत झारा घालायचा आणि मानीबाई भांडी घासायला मागे जायची. अशी दोन वर्षं गेली.

खुशी गावंडे आली ती उन्हाळ्याच्या तोंडाशी. पांढरकवड्याचीच पोरगी, कॉलेज करून नागपूरच्या एका संस्थेत कंत्राटावर लागलेली. डोक्याला ओढणी गुंडाळून स्कूटीवर गावोगाव फिरत होती. चहा प्यायली आणि मानीबाईला म्हणाली, “काकू, मोबाईल आहे न तुमच्याजवळ? टच वाला?”

“हाये. काहून?”

“आमचा एक कार्यक्रम आहे, मोबाईलवरचा. रोज एक बाई बोलते त्यात. मन चांगलं कसं ठेवायचं, ते सांगते. आपण ऐकायचं आणि ती सांगन ते करून पाहायचं.”

“मले काय झालं? मी काय येडी हाये?”

“नाही हो काकू! आजारी लोकांसाठी नाहीच हे. तुमच्या-माझ्यासारख्या चांगल्या-भल्या माणसांसाठी आहे. याचा खरंच उपयोग होते का, तेच तपासून राह्यलो आम्ही. होत नसन, तर होत नाही असं लिहू. काहींना आत्ता भेटन, काहींना नंतर. ते कॉम्प्युटर ठरवते, चिठ्ठ्या टाकल्यासारखं.”

आधी काही प्रश्न विचारावे लागतील, असं तिनं सांगितलं. प्रत्येक उत्तराला शून्य ते पाच असा आकडा द्यायचा. एखाद्याचे आकडे फारच खाली आले, तर त्याला या कार्यक्रमात घेत नाहीत, यवतमाळच्या दवाखान्यात समुपदेशकाकडे पाठवतात, हेही तिनं प्रामाणिकपणे सांगून टाकलं.

यवतमाळचा दवाखाना म्हटल्याबरोबर मानीबाई आतून मिटली. त्या जिन्याच्या पायऱ्या, तो फिनाईलचा वास तिला या जन्मात पुन्हा नको होता. दुसरं असं, की पोरगी एवढ्या उन्हाची आली होती, तिला नाही कसं म्हणायचं?

“मागच्या दोन आठवड्यांत मन आनंदी होतं का, काकू?”

“पाच.”

“झोप झाली, की ताजंतवानं वाटते?”

“पाच.”

“रोजच्या जगण्यात मन रमते?”

“सगळ्याले पाच लिही माय.”

“घरात एवढ्यात काही दुःखाची गोष्ट?”

“नाई.”

भजी काढता काढता किसनसिंगचा हात थांबला. त्यानं बायकोकडे पाहिलं आणि झारा पुन्हा कढईत घातला. मानीबाईचं नाव लगेच कार्यक्रम मिळणाऱ्यांमध्ये निघालं आणि खुशीनं तिथंच तिला तो मोबाईलवर लावून दिला.

दुपारी ट्रक कमी असतात. त्या वेळेला मानीबाई मोबाईल बाकड्यावर ठेवायची. त्यातल्या बाईचा आवाज गोड होता, बोलणं मात्र पुस्तकातल्यासारखं. श्वास आत घ्या, हळूच सोडा. आज चांगलं काय घडलं, ते मोठ्यानं सांगा. पहिल्यांदा मानीबाईला हसू आलं. मग ती सांगायला लागली. आज दूध नासलं नाही. तो सरदार ड्रायव्हर पोरीच्या लग्नाचे पेढे देऊन गेला. पाठ जरा कमी दुखली. दिवसाकाठी कोणी तरी आपल्याला काही विचारतं, याचीच तिला गोडी लागली. कांदे चिरत किसनसिंगही ऐकायचा. कार्यक्रम त्याच्यासाठी नव्हता, एका घरातून एकालाच घेत होते, पण कानाला कोण अडवणार?

मग एका दुपारी ती बाई म्हणाली, “डोळे मिटा. तुमच्या अगदी जवळच्या माणसाला मनात आणा. त्याचं नाव मोठ्यानं घ्या. त्याला काय सांगायचं राहून गेलं, ते आज सांगा.”

मानीबाई डोळे मिटून गप्प बसली. मोबाईलमधली बाईही थांबली होती. आणि त्या शांततेत पाठीमागून किसनसिंगचा आवाज आला.

“राजदीप.”

मानीबाई ताडकन उठली. “ते नाव कायले घेतलं तुमी?”

“बाई म्हणे, नाव घ्या.”

“तिनं मले सांगतलं, तुमाले नाई! दोन वर्षं घेतलं नाई, मंग आज कायले?”

“तू त्या पोरीले सांगतलं, घरात दुःख नाई म्हणून. मले वाटलं, तू इसरली त्याले.”

“मी इसरली?” मानीबाई त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. “मी माय हाये त्याची! तुमी कढईत तोंड घालून उभे राह्यता, मंग मी कोनापाशी बोलू?”

रस्त्यानं एक ट्रक भोंगा वाजवत गेला. गिऱ्हाईक येऊ नये म्हणून किसनसिंगनं गॅस बंद केला आणि पुढचा पडदा ओढून घेतला. तिला बाकड्यावर बसवून तिच्या शेजारी बसला.

“त्याचा फोन आलता,” तो म्हणाला. “तो घरी यायच्या पंधरा-वीस दिवस आंधी. म्हणे, बापू, लय थकवा येऊन राह्यला, भूक नाई लागत. मी म्हनलं, उन्हाचं असन, ताक पी, दोन दिवस आराम कर. तुले सांगतलं नाई. तू काळजी करशीन म्हणून.”

मानीबाईनं पदर तोंडाला लावला.

“मलेबी सांगतलं होतं त्यानं,” ती म्हणाली. “मीबी तेच म्हनलं. ताक पी म्हनलं. तुमी रागवसान म्हणून बोलली नाई.”

एकच गोष्ट दोघांनी दोन वर्षं एकमेकांपासून लपवून ठेवली होती. त्या दुपारी ती दोघं जी रडली, तशी पोरगा गेला त्या दिवशीही रडली नव्हती. पडद्याबाहेर कोणी तरी “याडी, ओ याडी” करून हाका मारल्या आणि निघून गेलं.

त्यानंतर मानीबाईचं अवघड झालं. इतके दिवस जे दाबून ठेवलं होतं, ते आता वर आलं. चहाला साखर घालायची राहून जायची. जेवण उतरायचं नाही. तरी तिनं कार्यक्रम सोडला नाही, रोज ऐकत राहिली.

पावसाळा लागल्यावर शेवटचे प्रश्न घेऊन खुशी आली. प्रश्न तेच होते.

“मन आनंदी होतं का, काकू?”

“नाई. शून्य.”

खुशीनं मान वर केली. “झोप?”

“एक लिही.”

असे एकामागून एक आकडे खालीच येत गेले. खुशीचा चेहरा उतरला. “काकू, पहिले तर तुमचे सगळे पाच होते. आमच्या कार्यक्रमानं असं झालं का?”

“ते खोटं होतं पोरी. हे खरं हाये.” आणि मानीबाईनं तिला राजदीपचं सगळं सांगितलं. किसनसिंग शेजारी उभा होता. जिथं तिचा आवाज अडला, तिथून पुढे त्यानं सांगितलं.

खुशीनं डोळे पुसले. “पण कागदावर तर तुम्ही चांगल्या होत्या आणि आमच्यामुळं बिघडल्या, असंच दिसन न.”

“मंग पहिलेचं खोडून टाक.”

खुशीनं तिथूनच संस्थेच्या नागपूरच्या मॅडमना फोन लावला. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मानीबाईशीही बोलल्या. पहिली उत्तरं बदलता येणार नाहीत, म्हणाल्या. मागाहून आकडे बदलायला लागलो, तर तपासणी ती कसली? काय घडलं त्याची नोंद करू, पण आकडा आहे तसाच राहील. आणि नियमाप्रमाणे तुम्हाला समुपदेशकाकडे जावं लागेल.

“बरोबर हाये त्या बाईचं,” मानीबाई फोन परत देत म्हणाली. “मीच खोटं बोलली.”

यवतमाळला ती गेली. जिन्यापाशी तिचे पाय थांबले, तेव्हा किसनसिंगनं तिचा दंड धरला. समुपदेशक बाई वयानं लहान होती, पण ऐकणारी होती. तिनं काही जादू केली नाही. पाच-सहा वेळा बोलावलं आणि दोघांना बोलू दिलं. एकदा सहज विचारलं, “मुलगा हैदराबादला राहायचा कुठे?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांना माहीत नव्हतं.

इकडे कार्यक्रमाचा निकाल लागला. ज्यांनी ऐकलं आणि ज्यांनी ऐकलं नाही, त्यांच्यात म्हणावा असा फरक दिसला नव्हता. संस्थेनं तो बंद केला. मोबाईलमधल्या बाईचा आवाज एका दुपारी लागलाच नाही. खुशीचं कंत्राटही संपलं. ती भेटायला आली तेव्हा मानीबाई म्हणाली, “माह्यामुळं तर नाई न फेल झालं?” खुशी म्हणाली, “नाही काकू. एका माणसानं काही होत नसते.” पण दोघींनाही वाईट वाटलं.

दिवाळी झाल्यावर, राजदीपच्या एका जुन्या सोबत्याकडून त्याच्या खोलीचा पत्ता घेऊन, दोघं हॉटेलसमोरूनच हैदराबादच्या बसमध्ये बसली. खोली शोधायला दुपार झाली. तिथं आता दुसरीच पोरं राहत होती, ओडिशाची. त्यांना राजदीप ठाऊक नव्हता. मोडक्यातोडक्या हिंदीत किसनसिंगनं सांगितलं, तेव्हा एकानं चटई टाकली आणि दुसरा चहा आणायला धावला.

मानीबाईनं खोली नीट पाहून घेतली. मग नवऱ्याला हळूच म्हणाली, “मले वाटे, आंधारी खोली असन. खिडकी हाये.”

“हाये न. मोठी हाये.”

खिडकीतून समोरच्या घराची गच्ची दिसत होती, वाळत घातलेले कपडे दिसत होते. कोणत्या अंगाला झोपत असेल तो, हे विचारायला तिथं कोणी नव्हतं. दोघं खिडकीपाशी बसून राहिली. उठताना मानीबाईनं त्या पोरांना विचारलं, की कोणाला थकवाबिकवा तर येत नाही ना, भूक लागते ना. पोरांना तिची भाषा कळली नाही, त्यांनी हसून माना हलवल्या. मग किसनसिंगनं तोच प्रश्न हिंदीत एकेकाला वेगवेगळा विचारला, आणि प्रत्येकाचं उत्तर येईपर्यंत मानीबाई दारात थांबली.