वरच्यांची छोटी रेकॉर्ड

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या गृहस्थांइतका एका गाण्यावर जगलेला माणूस पुण्यात दुसरा झाला नसेल. साठच्या दशकातल्या एका इंग्लिश रॉक बँडची छोटी रेकॉर्ड, हीच त्यांची इस्टेट. रविवारी आंघोळ झाल्यावर ते हात पुन्हा साबणाने धुवून, धुतलेल्या पंच्याला पुसून, ती कडांना धरून आणत. गाणं जेमतेम अडीच मिनिटांचं, पण आधीच्या सूचनांना पाव तास लागे. पंखा बंद, चहा नंतर. मी एकदा खोकलो तर म्हणाले, "पहिल्यापासून लावतो. आपलं आटोपलं की सांगा." मागच्या बाजूला काय आहे विचारलं तर, "ती त्यांनी नाइलाजाने भरलीय."

माझा मुलगा नुकताच आयटीत लागला होता. सीडी करून देतो म्हणाला. वरच्यांना साठीची भेट द्यावी, म्हणून ते आणि वहिनी एका लग्नाला गेले असताना मी त्यांचं दार उघडलं. त्यांची जादा किल्ली आमच्या खिळ्यालाच असे. रेकॉर्ड मुलाकडे न्यायला स्कूटरच्या डिकीत ठेवली, वाटेत भाजी घेतली, ओळखीचे भेटले. मे महिना होता. बाहेर काढली तेव्हा तिची कड तळलेल्या पापडासारखी उचलली होती. मी ती गुपचूप पाकिटात घालून परत ठेवली.

रविवारी ते गाणं डोलणाऱ्या होडीत बसून गायल्यासारखं खाली ऐकू आलं. मग मला बोलावणं.

"गच्चीवर पापडांचं प्लास्टिक उडू नये म्हणून हिने ठेवली असणार."

"अहो, मी तुमच्या त्या तबकडीला कधी बोट तरी लावलंय?" वहिनी म्हणाल्या.

"मग ती आपणहून उन्हात गेली? दुसरी किल्ली ह्यांच्याकडे, म्हणजे बँकेच्या लॉकरात असल्यासारखीच. सांगा हो तुम्हीच."

मी म्हणालो, "यंदा ऊन फार आहे."

वहिनींनी त्यानंतर वाळवण घातलं नाही. एकदा वाटी परत द्यायला आल्या तेव्हा दारातच म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हाला तरी माझं खरं वाटतं ना?" मी हो म्हणालो. तेवढंच.

पुढच्या हिवाळ्यात त्या गेल्या. भेटायला गेलो तर प्लेअरवर अभ्रा होता. वरचे म्हणाले, "हट्टी होती. कबूल केलं असतं तर मी कधीच विसरलो असतो." मी तोंड उघडलं. गाणं चालू असताना करत तसा त्यांनी हात वर केला, आणि मी सवयीने गप्प बसलो.

आता तेही नाहीत. वरचं घर विकलं गेलं, नव्या मालकांनी कुलूप बदललं. जुनी किल्ली मात्र अजून आमच्याकडेच आहे, आणि दारात वाटी घेऊन उभ्या असलेल्या त्या बाईला द्यायचं उत्तरही. वहिनी, तुमचं खरं होतं. दार मी उघडलं होतं.