परबबाईंनी दिलेले आठ दिवस

वस्तीत शिरण्याआधी परबबाई गळ्यातलं ओळखपत्र काढून पर्समध्ये टाकत आणि कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडून मेथीची एक जुडी घेत. पाला पिशवीबाहेर दिसेल अशी ठेवत. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी कारण विचारलं. म्हणाल्या, "दवाखान्याची बाई दारात आली की अख्ख्या चाळीला प्रश्न पडतात. मेथी घेऊन आलेली बाई कुणाचीतरी मावशी असते गो."

घाटकोपरकडच्या एका दवाखान्यात आम्ही दोघी गुप्तरोग विभागात होतो. रुग्णाला लागण कुणाकडून झाली, त्याच्यापासून पुढे कुणाला झाली असेल, हे विचारायचं आणि त्या माणसांना शोधून उपचाराला आणायचं, हे आमचं काम. माणसं चिडत, खोटी नावं देत. एका रिक्षावाल्याने बाईंना सुनावलं, "मी कुठे जातो त्याच्याशी तुम्हाला काय करायचंय?" बाईंनी पेन खाली ठेवलं. "मी पोलीस नाही, तुझी बायको नाही, देव तर नाहीच. तुझ्यासारखंच कुणीतरी दुखणं लपवून बसलंय. त्याला इंजेक्शन मिळू दे, बस." त्याने खिशातून मोबाईल काढला. मग तीन नावं सांगितली.

अशा बाईंकडून एकदा चूक झाली.

पवईत लिफ्ट दुरुस्तीचं काम करणारा एक तरुण आला. सिफिलिस निघाला. बायको सहा महिन्यांची गरोदर. तिची तपासणी सुरुवातीलाच झाली होती, तेव्हा ती निरोगी होती. लागण त्यानंतरची असणार. तिला वेळेत इंजेक्शनं मिळाली तर बाळ वाचण्याची आशा होती. तो बाईंसमोर रडला. "मॅडम, तुम्ही घरी आलात तर ती मला सोडून जाईल. आठ दिवस द्या. मीच तिला घेऊन येतो."

बाईंनी आठ दिवस दिले. नवव्या दिवशी आम्ही गेलो, तर खोलीला कुलूप. त्याचा फोन बंद. शेजारीण म्हणाली, "तो तिला माहेरी सोडून आला. कणकवलीच्या बाजूला कुठेतरी."

गाव शोधायला अडीच आठवडे लागले. बाई रजा टाकून एकट्याच गेल्या. त्या पोचल्या त्याच्या दोन दिवस आधी बाळ पोटातच गेलं होतं. मुलगा होता.

परत आल्यावर त्यांनी मला दवाखान्याच्या जिन्यात बसून सांगितलं. त्याची बायको म्हणजे कोवळी मुलगीच; तिने त्यांना चहा करून दिला. दवाखान्याची बाई एवढ्या लांब समाचाराला आली, याचंच तिला अप्रूप. बाईंनी तिला तालुक्याला नेऊन रक्त तपासलं, पहिलं इंजेक्शन दिलं. आजार कुठला तेही सांगितलं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हा नियम. त्यांनी ते घेतलं नाही.

तालुक्याहून परत येताना मुलीने विचारलं, "माझा काय चुकला ओ?"

"तुझा कायएक चुकूक नाय."

थोडं चालून ती थांबली. "तुमका आधी म्हायत होतां?"

"मग?" जिन्यात मी विचारलं.

"होय म्हटलं. दुसरं काय म्हणणार? तिने पायातल्या चपला नीट केल्या आणि पुढे चालायला लागली. घर आलं. आत गेली, दार लावून घेतलं." बाई रडल्या नाहीत. "मला त्याची दया आली गो. तिची यायला हवी होती."

वरिष्ठांपुढे त्यांनी स्वतःची चूक लेखी मांडली. कुणी काही कारवाई केली नाही, आणि ते त्यांना जास्त लागलं. वर्षभरात त्यांनी नोकरी सोडली. मला जाताना एवढंच म्हणाल्या, "आठ दिवस कुणाला देऊ नको. त्याच दिवशी जा."

नंतर त्यांना यकृताचा कॅन्सर झाला. मुलुंडच्या त्यांच्या एका खोलीत मी रविवारी जायचे. प्रत्येक वेळी त्या विचारत, "तिची काही खबर?" बाकीची इंजेक्शनं तिने गावीच पूर्ण केली, एवढं कळलं होतं. ते मी सांगितलं होतं. त्यांना त्यापुढचं हवं होतं.

शेवटच्या रविवारी आवाज जेमतेम फुटत होता. तरी त्यांनी तेच विचारलं. तिला मुलगी झाली, छान आहे, असं खोटंच सांगायचं मी येतानाच ठरवलं होतं. बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"नाही बाई," मी म्हणाले. "काही कळलं नाही."

त्यांनी मान हलवली आणि भिंतीकडे कूस वळवली. मंगळवारी सकाळी गेल्या.